चाचांचं मशीन आणि माझा उजवा हात

चहा येऊ द्या, तोवर सांगतो. पण आधी शब्द द्या, हसायचं ते माझं सांगून संपल्यावर. मधेच हसलात तर मी थांबेन, आणि मग माझी ही फजिती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकावी लागेल. कळंबात सांगणारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जण पदरचं थोडं घालूनच सांगतो.

मी भौतिकशास्त्राचा मास्तर, हे तुम्हाला माहीतच आहे. माझा नाद मात्र सगळ्यांना माहीत नसेल. मी जुने लॅपटॉप सांभाळतो. कुठलेही नाहीत हं! एके काळी फक्त मोठ्या साहेबांच्या टेबलावर दिसायचे ना, ते भारीतले. मॅग्नेशियमचं अंग, बिजागरी अशी की झाकण जिथं सोडाल तिथं उभं राहणार. आणि कीबोर्ड? अहाहा! बटण दाबलं की बोटाला कळतं, दाबलं म्हणून. आजकालचे ते पातळ लॅपटॉप हातात घेतले की मला उडदाचा पापड आठवतो. जरा जास्त दाबला की तुकडा हातात!

अशी मशीनं जिवंत ठेवायची म्हणजे मोठं काम असतं. आपल्याकडची धूळ काय साधी असते का? काळ्या रानाची माती, कडब्याचा भुसा, सगळं पंख्याच्या जाळीत जाऊन बसतं आणि मग मशीन तापतं. पंखा काढायचा, ब्रशनं साफ करायचा, प्रोसेसरवर उष्णता खेचणारी नवी पेस्ट लावायची, बिजागरीला थेंबभर तेल द्यायचं. खरं सांगू? मला दुरुस्तीपेक्षा उघडण्यातच जास्त गोडी आहे. कुणा परक्या देशातल्या माणसानं कुठल्या तरी टेबलावर बसून काय विचार केला असेल, ही वायर इथूनच का फिरवली असेल, हे आत डोकावलं की दिसतं. मी तासन्‌तास बघत बसतो. आमच्या सौ. या संग्रहाला भंगार म्हणतात. असो.

आता दुसरी गोष्ट. माझ्या सासूबाई अणदूरच्या. थंडीत खंडोबाच्या यात्रेतून त्या माझ्यासाठी एक कडं घेऊन आल्या. तांब्याच्या रंगाचं, दोन्ही टोकांना काळी चुंबकं.

"जावईबापू, हे घाला. बीपी उतरतंय म्हणं यानं."

"अहो आई, असं काही नसतं. याला शास्त्रात..."

"शास्त्र ऱ्हाऊ द्या तुमचं. माझ्यासाठी घाला."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते माझ्या उजव्या मनगटात घातलं. डाव्या हातात घड्याळ होतं ना! आता बोला, सासूपुढं कुणाचं शास्त्र चाललंय?

पण माझी अडचण समजून घ्या. मी गावोगाव जाऊन व्याख्यानं देतो. 'चमत्कारामागचं विज्ञान'. ताईत, खडे, कडी यांची भर सभेत टर उडवतो. पोरं टाळ्या वाजवतात. आणि माझ्याच मनगटात कडं! काढावं तर सौ. लगेच अणदूरला फोन लावणार. म्हणून मी पूर्ण बाहीचे शर्ट घालायला लागलो, बाहीचं बटण घट्ट लावलेलं. थंडीच होती, कुणाला शंका आली नाही. थोड्या दिवसांत ते कडं इतकं अंगवळणी पडलं की माझ्या हातात काही आहे, हेच मी विसरून गेलो. कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधणारी माणसं असतात ना, त्यांतलाच मी.

अशात हमीदचाचांचा निरोप आला.

हमीदचाचांचं लग्नपत्रिकांचं दुकान. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. सत्तरी गाठलेला माणूस, पण अजून एकटेच टाइप करतात. त्यांच्याकडं मी म्हणतो तसलं एक काळं, देखणं मशीन आहे. कुठल्याशा कंपनीतला साहेब बदलून गेला तेव्हा त्यांनी ते घेतलं होतं. त्यात मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, ते नव्या कुठल्याच मशीनवर चालत नाही. आणि चाललं असतं तरी चाचांची बोटं त्या एकाच कीबोर्डवर घडलेली.

"सर, पंखा लई आवाज करतोय. बैलगाडी चालल्यागत," चाचा म्हणाले.

"धूळ असेल. दोन दिवसांत देतो."

"द्या, पण जपून हां. हे मशीन म्हंजेच माझं दुकान. पोरं म्हणतेत, अब्बा, बस करा आता, घरी बसा. मी म्हणलं, मशीन चालतंय तवर मी चालतो. मशीन थांबलं की शटर खाली."

हे ते हसत म्हणाले. पण मशीन माझ्या हातात देताना त्यांनी ते लगेच सोडलं नाही, हे मी पाहिलं.

घरी आणलं. उघडलं. पंख्यातून एवढा भुसा निघाला की एका शेळीची सोय झाली असती! पंखा साफ केला, पेस्ट लावली, मशीन परत जोडलं, चालू केलं. पंख्याचा आवाज नाही. मी खूश. हात कीबोर्डवर ठेवले आणि माझं नाव टाइप करायला लागलो.

स्क्रीन काळी!

बंद नव्हतं झालं. झोपलं होतं. कोपऱ्यातला दिवा मंद लुकलुकत होता. बटण दाबलं, उठलं. हात ठेवले, परत झोपलं. उठवलं, झोपलं. चाचांचं मशीन मी बिघडवलं की काय?

सौ.ला हाक मारली. "जरा हे टाइप करून बघ."

त्यांनी एक अख्खा परिच्छेद टाइप केला. वर तीन ठिकाणी स्वल्पविराम दिले. मशीन छान जागं!

मी बसलो, झोपलं.

"याला तुमचं तोंड आवडत नसंल," सौ. म्हणाल्या आणि भाजी टाकायला गेल्या.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी भौतिकशास्त्राचा माणूस गप्प बसेल का? मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. एकच मशीन, एकच खुर्ची, एकच वीज. फरक फक्त माणसात! मी विचार केला, माझ्या अंगात स्थिर विद्युत साठत असणार. स्वेटरमुळं. मग स्वेटर काढला. तरी झोपलं. रबरी चपला घालून बसलो. झोपलं. लाकडी पाटावर पाय ठेवून बसलो. झोपलं. शेवटी पायाच्या घोट्याला एक वायर बांधली आणि तिचं दुसरं टोक मोरीतल्या नळाला. अर्थिंग! शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्या दारातूनच परत गेल्या. संध्याकाळी गल्लीत चर्चा, सरांना घरात बांधून ठेवावं लागतंय म्हणून.

तुमच्या ध्यानात आलंय, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. माझ्या नाही आलं! घरातली माझी मशीनं आणखी जुनी, ती माझ्या हाताखाली बिनतक्रार चालत होती. म्हणजे दोष चाचांच्या मशीनचाच, असं मी ठरवून टाकलं. माझ्या कपाटातले सुटे भाग काढून रॅम बदलली, बॅटरी बदलली, कीबोर्डसुद्धा बदलून पाहिला. दर वेळी सौ.च्या हाताखाली जागं आणि माझ्या हाताखाली ढाराढूर. मग मी एक सिद्धांत मांडला. सौ.चा हात हलका, माझा जड. माझ्या हाताचा दाब पडला की आत मदरबोर्डवर कुठंतरी तडा उघडत असणार. म्हणजे मदरबोर्ड शेवटच्या घटका मोजतोय. केवढा शास्त्रशुद्ध निष्कर्ष! माझा मलाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन घेऊन दुकानात गेलो. तिथं माकणीचे दगडूनाना बसले होते. पोरीचं लग्न धरलेलं, आणि पत्रिकेत थोरल्या चुलत्याचं नाव राहून गेलेलं. हा प्रकार किती गंभीर असतो, तुम्हाला सांगायला नको.

"सर, बरं झालं मशीन आणलं," नाना म्हणाले. "चुलता रुसून बसलाय. नाव आलं न्हाय तर मांडवात पाय ठेवणार न्हाय म्हणतोय."

चाचांनी मशीन लावलं, चालू केलं, सराईतपणे नाव टाइप केलं. मशीननं हूं की चूं केलं नाही.

"माशाल्ला! आवाज बी गेला. सर, मेहरबानी तुमची."

मी आपला मोठेपणा घेऊन म्हणालो, "चाचा, तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. मशीन आतून खचलंय. मदरबोर्ड चाललाय. हे बघा." आणि उजवा हात कीबोर्डच्या कडेला ठेवला.

स्क्रीन काळी.

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. मी परत उठवलं, परत हात ठेवला. परत काळी.

"दुसरा बोर्ड?"

"मिळत नाही आता कुठं. आज चालेल, उद्या चालेल, पण कधी जाईल याचा भरवसा नाही."

चाचांनी टेबलावरचं एक नमुन्याचं कार्ड उचलून परत जागेवर ठेवलं. मग नानांना म्हणाले, "नाना, तुमची पत्रिका करून देतो. ही शेवटची. बाकीच्यांच्या ऑर्डरी परत करतो. निम्मी करून मधेच मशीन बसलं तर लोकांच्या लग्नात घोळ होईल. इज्जतीचा सवाल हाय."

"आवो चाचा, असं कसं?"

"पोरं म्हणतच होती. चला, ठीक हाय."

मला काय वाटलं, काय सांगू! एका माणसाचं दुकान मी माझ्या तोंडानं बंद केलं होतं. बरं, चाचा ओरडले असते, चिडले असते तरी चाललं असतं. ते उलट माझ्यासाठी चहा सांगायला उठले.

"थांबा चाचा," मी म्हणालो. "एकदा शेवटचं उघडून बघतो. कदाचित कुठं जोड सुटला असेल."

तिथंच टेबलावर मशीन पालथं घातलं. टेन्शननं घाम फुटला होता, म्हणून बाहीचं बटण काढलं, पण बाही काही वर केली नाही. स्क्रू काढायला लागलो. एक काढला, बाजूला ठेवला. दुसरा काढला. तिसरा काढून ठेवायला गेलो तर आधीचे दोन गायब!

"स्क्रू कुठं गेले?"

झालं. चाचा गुडघ्यावर. नाना टेबलाखाली, मोबाइलचा टॉर्च लावून. मी खुर्ची सरकवतोय, पायपुसणं झटकतोय. तेवढ्यात तिसराही गायब. बारीक स्क्रू, काळी फरशी, सापडणार कसे? मी वैतागून कपाळावरचा घाम पुसायला उजवा हात वर केला आणि बाही कोपरापर्यंत घसरली.

नाना टेबलाखालूनच म्हणाले, "सर, तुमच्या मनगटाला काय डसलंय?"

मी बघितलं. कड्याच्या टोकाला तिन्ही स्क्रू चिकटून बसले होते. ओळीनं. पिलं कशी कोंबडीखाली बसतात, तसे.

आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. इतकी लख्ख पेटली की मी खालीच बसलो.

आता तुम्हाला समजावून सांगतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं की मशीन झोपतं, बरोबर? त्याला कळतं कसं? झाकणात एक इवलंसं चुंबक असतं आणि कीबोर्डच्या बाजूला आत एक सेन्सर. चुंबक जवळ आलं की मशीनला वाटतं, झाकण मिटलं, चला झोपा. माझ्या घरच्या जुन्या मशीनांना चुंबक नाही, साधा खटका आहे, म्हणून ती जागी राहायची. चाचांचं मशीन मात्र माझा हात आला की बिचारं आज्ञाधारकपणे झोपायचं. बरं, मशीनचं अंग मॅग्नेशियमचं. लोखंडाचं असतं तर कडं खाडकन चिकटलं असतं आणि पहिल्याच दिवशी प्रकरण मिटलं असतं. घरी स्क्रू काढताना बाहीचं बटण घट्ट लावलेलं, म्हणून तिथं ते कधी कड्याला चिकटले नाहीत. आणि हे सगळं मला माहीत नव्हतं का? अहो, वर्षानुवर्षं बारावीला चुंबकत्व मीच शिकवतो!

आता दोनच वाटा होत्या. कडं गुपचूप खिशात घालायचं आणि म्हणायचं, जोड सापडला, झालं दुरुस्त. इज्जत वाचली असती. पण उद्या चाचांच्या मनात धाकधूक राहिली असती, मशीन कधी बसेल म्हणून, आणि ऑर्डरी त्यांनी परतच केल्या असत्या. खरं सांगितल्याशिवाय त्यांचं शटर वर राहणार नव्हतं.

"चाचा," मी म्हणालो, "तुमच्या मशीनला काहीही झालेलं नाही. दोष या कड्याचा आहे."

चाचा हसले. "सर, मला बरं वाटावं म्हणून सांगता व्हय? कड्यानं कुठं मशीन थांबतंय?"

मग मला प्रयोगच करून दाखवावा लागला. मशीन बंद केलं, स्क्रू लावले, चालू केलं. कडं काढून लांब धरलं. दोन्ही हात कीबोर्डवर टेकवले. जागं! मग नुसतं कडं जवळ नेलं. काळी स्क्रीन! लांब नेलं, उठवलं, जागं. परत जवळ. काळी. व्याख्यानात करतो तसं, प्रत्येक वेळी थांबून, चेहऱ्यावर भाव आणून. शेजारचा पानवाला आला. स्टँडवर गाडीची वाट बघणारे चार जण आले. सगळ्यांसमोर मी प्रयोग केला, आणि सासूबाईंनी कडं कुठून आणलं, मी ते का लपवलं, हे सगळं सांगून टाकलं. एकदाचं मोकळं वाटलं.

चाचांनी मशीनवरून हात फिरवला. डोळे पुसले आणि ओरडले, "ए, चहा सांग रे सगळ्यांना!"

शटर वर राहिलं. गोड शेवट, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं. पण सगळे चहा पीत असताना माझ्या लक्षात आलं की कुणीच माझ्याकडं बघत नाहीये. सगळे टेबलावरच्या कड्याकडं बघतायत.

"लई पावर हाय राव," पानवाला म्हणाला.

"न टेकता मशीन विझवतंय," दुसरा म्हणाला. "मग रक्तात तर किती काम करत आसंल!"

"अहो, तसं नाही," मी म्हणालो. "तो सेन्सर आहे..."

"सर," नाना अगदी आर्जवानं म्हणाले, "तुमाला तर नकोच हाय न्हवं? माझं गुडघं लई दुखतेत. मी न्हेऊ?"

आणि माझं उत्तर यायच्या आधी ते कडं नानांच्या हातात होतं. माकणीपर्यंत त्याची कीर्ती एसटीच्या आधी पोचली असणार.

पुढचं थोडंच आहे. सौ.नी अणदूरला अजून काही कळवलं नव्हतं, पण काही आठवड्यांनी एके दिवशी सासूबाईच यायच्या होत्या. संध्याकाळच्या गाडीनं. आल्या आल्या त्यांची नजर माझ्या मनगटावर जाणार, आणि कडं तर नानांच्या गुडघ्याला बांधलेलं! याच विवंचनेत मी कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका छापायला द्यायला चाचांकडं गेलो.

दुकानात टेबलावर ठळक पाटी चिकटवली होती: 'कडं घातलेला हात टेबलावर ठेवू नये.'

"काय करू सर," चाचा म्हणाले. "पत्रिका तपासायला जो येतो त्याच्या हातात कडं. स्क्रीनवर बोट दाखवायला गेला की मशीन झोपतंय."

त्यांच्या शेजारी एक माणूस बसला होता. खांद्याला पिशवी, आणि ती कड्यांनी भरलेली. चाचा त्याच्यासाठी जाहिरातीचं पत्रक टाइप करत होते. मी वाकून वाचलं. 'कळंबच्या सायन्सच्या सरांनी मशीनवर प्रत्यक्ष सिद्ध करून दाखवलेलं चुंबकीय कडं.' ज्या मशीनसाठी मी चारचौघांत कबुली दिली, तेच मशीन हे छापत होतं, आणि काय झकास चालत होतं!

कडीवाल्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"साहेब, हात मोकळा दिसतोय तुमचा?"

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"शिकलेली मान्सं आसंच म्हणतेत. ते सायन्सचे सर बी आधी आसंच म्हणायचे. मग मशीनला लावून बघितलं आन्‌ गप झाले."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"पाह्यलंय म्हंजे? घरचे संबंध हायेत!"

चाचांनी मान खाली घातली होती. त्यांचे खांदे हलत होते, पण एक अक्षर बोलले नाहीत. देवमाणूस!

मी घड्याळ बघितलं. अणदूरची गाडी यायला फार वेळ नव्हता.

"एक द्या," मी म्हणालो.

"पटलं न्हवं?" त्यानं पिशवीत हात घालत विचारलं.

"पटलं. सायन्सचे सर म्हणतात म्हटल्यावर पटायलाच पाहिजे."